न उघडणारी लग्नपत्रिका

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर कुणी सहीच्या पलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, आणि अप्पांची सहीसुद्धा दर वेळी थोडी वेगळी येते, म्हणून बँकेत त्यांना ती पुन्हा करायला लावतात. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. कॉलेजच्या अंकासाठी 'संगणकातील व्हायरस' या विषयावर माहितीपर लेख दे, असं सरांनी सांगितलं म्हणून मी बसलो. पण माहिती थोड्याच ओळींत संपली आणि घरी जे घडलं तेच कागदावर यायला लागलं. भीत भीत सरांना दाखवलं. ते म्हणाले, "हेच लिही. फक्त कुणाचं नाव घालू नकोस." तसं लिहिलं आहे. काही चुकलं असेल तर ते माझंच.

मी सोलापुरात संगणकशास्त्र शिकतो आणि जुळे सोलापूर या भागात एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. आमचं गाव दुधनीजवळ, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. म्हणून वडील अप्पा, आई अव्वा आणि मोठी बहीण अक्का. संगणक शिकतो याचा आमच्या गावातला अर्थ असा की, ज्याला बटण आहे ते मला दुरुस्त करता आलं पाहिजे. सुट्टीत गेलो की लोक टीव्हीचे रिमोट घेऊन येतात. एकदा मला पिठाच्या गिरणीचं मीटर दाखवायला नेलं होतं. मी वाकून बघितलं आणि "हं" म्हणालो. तेवढ्यावर गिरणीवाल्याचं समाधान झालं. मीटर नंतर आपोआप सुरू झालं, आणि माझी अडचण आणखी वाढली.

व्हायरसबद्दल मला जेवढं येत होतं ते परीक्षेत व्याख्या लिहिण्यापुरतं होतं. तो कुणाच्या घरी येतो, तिथे काय करतो, हे पुस्तकात नव्हतं.

त्या दिवसांत घरी अक्काच्या स्थळाचं चाललं होतं. अक्का गावात ब्लाउज शिवते. तिचा हात चांगला आहे आणि जीभ त्याहून चांगली चालते. तिला बघायला बरेच जण येऊन गेले. सगळे पोहे खाऊन "कळवतो" म्हणायचे आणि कुणी कळवायचं नाही. शेवटी अक्का कंटाळली. अक्कलकोटचं एक स्थळ आलं तेव्हा तिनं अप्पांना आधीच बजावलं, "ह्यांनी न्हाय म्हनलं तर मी परत कुणापुढं ट्रे धरून बसनार न्हाय. सांगून ठेवते."

मुलाचं अक्कलकोटात पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. बघायला आला तेव्हा त्यानं अक्काला स्वयंपाक येतो का, असलं काही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघून एवढंच म्हणाला, "हिच्या मोटारीचा आवाज बरोबर येत न्हाय." अक्का म्हणाली, "मी कवापासून सांगतेय, कुणाला ऐकू येत न्हाय." दोघांचं तेवढंच बोलणं झालं. पण ते लोक गेल्यावर अक्का कुणाला काही टोमणा न मारता नुसतीच कामाला लागली. अव्वा मला हळूच म्हणाली, "हिला पसंत हाय." निरोप सोमवारी येणार होता. आमच्याकडे चांगला निरोप सोमवारी देतात.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र अभिनंदनाचा नव्हता.

"कशाबद्दल, काकू?"

"कशाबद्दल म्हणून मलाच विचार! बहिणीचं लग्न ठरलं आणि आम्हाला पत्रिका मोबाईलवर? एक जिना उतरून खाली यायला तुला काय झालं होतं?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. अप्पांच्या नंबरवरून मेसेज आला होता. हात जोडल्याचं चित्र, 'सहकुटुंब सहपरिवार अवश्य येणे', आणि खाली लग्नपत्रिका नावाची एक फाइल. फाइलच्या नावाचं शेपूट बघून माझ्या हातातला ओला शर्ट गळून पडला. पत्रिका चित्राच्या रूपात येते. ही तर अ‍ॅपची फाइल होती. दाबली की मोबाईलमध्ये शिरून बसणारी.

"उघडतही नाही मेली," काकू म्हणाल्या. "इन्स्टॉल करू का, असं काहीतरी..."

"काकू, हात लावू नका!"

मी बहुधा ओरडलोच. काकू दुखावल्या. "आता पत्रिकेला हातही लावायचा नाही का आम्ही?" असं म्हणून त्या खाली गेल्या.

मी घरी फोन लावला. अप्पांचा मोबाईल सतत व्यस्त लागत होता. बऱ्याच वेळानं लागला तेव्हा अप्पांचा आवाज भलताच खुशीत होता.

"आरं, सकाळधरनं लोक फोन ठेवू दिईनात. समदे म्हंत्यात अभिनंदन."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक्यू म्हनलो."

"अप्पा, थँक्यू कशाला म्हणालात? कशाबद्दल ते तरी विचारायचं."

"मानूस चांगलं बोलायलाय, त्याला न्हाय कसं म्हनायचं? मला वाटलं, तू पास झाला असशील."

हळूहळू सगळं उलगडलं. सकाळी अप्पांना गावातल्या खतवाल्या दुकानदाराच्या नंबरवरून ती पत्रिका आली होती. अप्पांनी दाबली, उघडेना. दुकानदार जवळचा माणूस. त्याच्या घरची पत्रिका न वाचता ठेवायची म्हणजे त्याचा अपमान. अप्पा चष्मा शोधायला उठले आणि मोबाईल देवापुढच्या पाटावर ठेवला. आमच्याकडे पत्रिका घरात आली की आधी तिला हळदीकुंकू लावतात, मग वाचतात. अव्वानं विचारलं, "यार मदुवी?" म्हणजे कुणाचं लग्न. अप्पा आतून म्हणाले, "खतवाल्याच्यातलं दिसतंय." अव्वानं कुंकवात बोट बुडवलं आणि पत्रिकेला, म्हणजे मोबाईलच्या काचेला, टेकवलं. पत्रिकेचा मधला भाग बघून बरोबर जिथं टेकवलं, तिथं त्या वेळी 'परवानगी द्या' असं लिहिलेलं होतं.

मग हळद लावली. तिथंही काहीतरी लिहिलेलं होतंच.

त्यानंतर अप्पांच्या मोबाईलनं त्यात जेवढे नंबर होते तेवढ्या सगळ्यांना निमंत्रण धाडलं. पत्रिका कुणाचीच उघडत नव्हती. पण आमच्या घरात लग्नाची कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती उघडायची गरजच उरली नाही.

मी मिळेल त्या एसटीनं गावी गेलो. घरात पाऊल टाकतो तोच मामांचा फोन. अप्पांनी तो माझ्या कानाला लावून दिला. मामा अव्वाचे थोरले भाऊ, आणि लग्नात मुलीला मंडपात आणण्याचा मान मामांचा.

"भाचीचं लग्न आन मामाला मोबाईलवर पत्रिका!" मामा कडाडले. "आता मांडवात पोरगी आनायला बी मोबाईललाच सांगा की!"

"मामा, लग्न नाहीच ठरलेलं. तो व्हायरस आहे."

"कुटला हाय पोरगा?"

"पोरगा नाही मामा, व्हायरस. मोबाईलमधला."

"लपवा, लपवा. मला काय कळत न्हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी अप्पांच्या मोबाईलमधून ते अ‍ॅप काढलं, नंतर सगळा मोबाईल पुसून नव्यासारखा करून दिला. नंबर सगळे सिमकार्डात होते, ते तेवढे राहिले. अप्पा शेजारी बसून बघत होते. त्यांना एकच प्रश्न पडला होता.

"एवढा चांगला मोबाईल. त्यात परका मानूस शिरतोच कसा? आत कोन राखनदार न्हाय का?"

"आहे की. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिला. समजा घर सांभाळायला ठेवलेली बाई. कुणी आलं की ती तुम्हाला विचारते, आत घेऊ का?"

"मग त्या वक्ताला झोपली व्हती व्हय?"

"नाही अप्पा. तिनं विचारलं. अनोळखी आहे म्हणून सांगितलं. घेऊ नका, धोका आहे, असंसुद्धा म्हणाली."

"कवा?"

"लाल खूण येऊन खाली बारीक अक्षरात काही आलं होतं का?"

अप्पांनी आठवून बघितलं. "ते व्हय! मला वाटलं 'कृपया आहेर आणू नये' आसंल. ते समद्याच पत्रिकेवर आसतंय. कोन वाचतंय?"

अव्वा चुलीपासून म्हणाली, "मी कुंकू लावलं म्हनून झालं का हे?"

"तसं नाही अव्वा."

"मग बिनकुंकवाची पत्रिका घरात ठिवू व्हय?"

आता सगळ्यांना कळवणं भाग होतं. सोमवार उजाडायच्या आत कळवलं पाहिजे, कारण अक्कलकोटच्या लोकांचा नंबरही अप्पांच्या मोबाईलमध्ये होता, आणि मुलीचं दुसरीकडेच ठरलं असं त्यांना वाटलं तर सगळंच संपलं. मी विचार करून, खाडाखोड करून, शुद्ध भाषेत मेसेज लिहिला: 'आमच्याकडून आलेली लग्नपत्रिका खोटी आहे. असे कोणतेही लग्न होणार नाही. कृपया ती उघडू नये. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' वाचून अप्पांनी मान डोलावली. मलाही जरा बरं वाटलं. एका दाबात सगळ्यांना गेला.

सोमवारी सकाळी शेजारची एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन आली आणि अव्वाच्या जवळ बसली. थोड्या वेळानं तिनं अव्वाच्या पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे. तिच्या नशिबात त्याच्यापरीस चांगला आसंल," म्हणाली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. फोन पुन्हा सुरू झाले, आता खालच्या आवाजात. मोडलं का? कशावरून मोडलं? हुंड्यावरून का? पोरगं पीत होतं का? मामा तर फोनवर गहिवरले. "मी रागानं बोललो रं. माजीच नजर लागली," म्हणाले.

न ठरलेलं लग्न मोडलंही होतं. मेसेज मी लिहिला होता. आमच्या भागात ठरलेल्या मुलीपेक्षा मोडलेल्या मुलीबद्दल लोक जास्त बोलतात, हे मला मेसेज पाठवायच्या आधी सुचायला हवं होतं.

अक्का मशीनवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"ये," ती वर न बघता म्हणाली. "रविवारी माजं लगीन झालं. सोमवारी मोडलं. मंगळवारी काय करनार हाईस तेवढं आधी सांग, म्हंजे कापड तसं बेतते."

"अक्का, मी..."

"पंगतीत वाढायला बुंदी केलीस का जिलेबी, ते बी सांग. मी खाल्ली न्हाय."

मी हसलो, पण ती हसत नव्हती. मशीनची मोटार घरघरत होती. ती थांबवून अक्का म्हणाली, "तितनं फोन आला का?"

"नाही."

तिनं पुन्हा पाय दाबला. सोमवार तसाच गेला. अक्कलकोटहून निरोप आला नाही. आपण होऊन विचारावं तर मुलीकडच्यांनी घाई केली असं दिसतं, म्हणून अप्पा फोन हातात घ्यायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे.

शेवटी मी अप्पांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. सायबर गुन्ह्याची तक्रार करावी, असं आम्हाला शिकवलं होतं, निदान तेवढं तरी बरोबर करावं म्हणून. टेबलामागच्या हवालदारांनी आम्हाला बसायला सांगितलं, कागद पुढे ओढला.

"पैसे किती गेले?"

"पैसे नाही गेले साहेब." बँकेचे मेसेज अव्वाच्या बटणांच्या मोबाईलवर येतात, त्यामुळे चोराला आमच्याकडे काही सापडलं नव्हतं.

"फोटो? धमकी?"

"नाही."

"मग नुकसान काय झालं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बहिणीचं लग्न."

"मोडलं?"

"नाही. ठरलंच नव्हतं."

"मग?"

"आधी ठरलं असं लोकांना वाटलं. मग मी खोटं आहे असं कळवलं, म्हणून मोडलं असं वाटलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "आरोपी म्हणून कुणाला लिहू? त्या चोराला का तुला?"

पण माणूस चांगला होता. त्यांनी तक्रार व्यवस्थित लिहून घेतली, अप्पांना वाचून दाखवली. म्हणाले, "लग्नसराईत हे लई वाढतंय बघा. पत्रिकेला कोण न्हाय म्हणत न्हाय, हे त्या लोकांना बरोबर म्हाइत हाय. चोराचं आम्ही बघतो. पण अक्कलकोटच्या लोकांना तुम्ही तोंडानं जाऊन सांगा. परत मेसेज करू नका." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

तोंडानं सांगायचं तर ते मध्यस्थाकरवीच सांगायला हवं. हे स्थळ आणलं होतं दुधनीच्या आडतवाल्या काकांनी. अप्पा त्यांच्याच आडतीत तूर घालतात. वय झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दुकान अजून स्वतः बघतात. रविवारपासून ते अप्पांचा फोन उचलत नव्हते. आम्ही ठाण्यातून सरळ दुधनीला गेलो.

काका गादीवर बसून हिशोब बघत होते. आम्हाला बघून त्यांनी मान आणखी खाली घातली.

"या. लग्नघरची मानसं. एवढ्या धावपळीत वेळ काढलासा."

"तसं न्हाय काका..." अप्पा म्हणाले.

"कसं का असंना. चपला माज्या झिजल्या, पत्रिका तुमी छापलीसा. मधल्या मानसाला सांगितलं बी न्हाय. मोबाईलवर ढकलून दिलीसा! बरं, ढकललीसा ती ढकललीसा, परत खोटी म्हनून कळवलासा. पोरखेळ लावलाय व्हय?"

अप्पा चपलांपाशीच उभे राहिले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी पडत नाही, पण या वेळी पडलो.

"काका, तुम्ही ती पत्रिका उघडून बघितली का?"

"बघनार न्हाय तर? उघडंना म्हनून परत परत दाबली. जे जे विचारलं त्याला व्हय म्हनलो. तरी उघडंना."

"त्यानंतर तुम्हालाही कुणाचे फोन आले का? अभिनंदनाचे?"

काकांचं पेन थांबलं. तराजूजवळचा हमाल एकदम तोंड फिरवून पोत्यांकडे बघायला लागला.

"त्याचा हितं काय संबंध?" काका म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"आले का?"

"आले की! आख्खा बाजार फोन करायलाय. ह्या वयात धाडस केलासा म्हंत्यात. नवरी कुटली म्हंत्यात. एकानं तर दुकानात हार धाडला. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा लावलीय. घरात सून नीट जेवाय वाढीना. पोराला सांगितलं म्हनं, मामंजींना विचारा, मला कशाला सांगितलं न्हाय."

मी त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि गादीच्या काठावर बसून त्यातून गेलेले मेसेज दाखवले. हात जोडल्याचं चित्र, सहकुटुंब सहपरिवार, खाली पत्रिका. एकामागून एक, अख्ख्या दुधनीला.

"म्हंजे हे तुमच्या अप्पाच्या मोबाईलमधनं माज्यात आलं?"

"हो."

"आन माज्यातनं?"

"सगळ्यांना गेलं."

"जावयाला बी?"

"हो काका."

"मठात बी?"

मी यादी वर सरकवून बघितली. "मठातही गेलंय."

काका माझ्या अप्पांकडे बघत राहिले. अप्पा जमिनीकडे. मग काकांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, टोपी काढून ते त्यांनी पुसलं. हमालही मोकळेपणानं हसला. काकांनी अप्पांना चपला काढून वर येऊन बसायला सांगितलं तेव्हा मला समजलं की राग गेला.

"आधी माज्या सुनेला फोन लाव," काका मला म्हणाले. "तू शिकलेला हाईस. तू सांगितलं तर पटंल."

मी लावला. या वेळी 'खोटी पत्रिका' हा शब्द वापरायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. "वहिनी, काकांचं लग्न नाही," मी म्हणालो. "कधीच ठरलं नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. संगणकाचा प्रॉब्लेम होता."

"मग हार कुणी धाडला?" त्यांनी विचारलं. मी फोन काकांकडे दिला.

मी त्यांचा मोबाईल पुसून देईपर्यंत काकांनी आम्हाला भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. जेवताना अप्पांनी हळूच विचारलं, "अक्कलकोटची मानसं काय म्हनत व्हती?"

काकांचं हसू थांबलं. "माज्या मोबाईलमधनं त्यांनाबी गेलं असंल न्हवं? तुमच्याकडनं एक, माज्याकडनं एक. वर ह्याचा तो मेसेज." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आदी ते काय म्हनले व्हते ते आता सांगून उपेग न्हाय. मी जाऊन येतो. तोंडानं बोलतो. तवर तुमी कुणाला काय कळवू नका. तू तर बिलकूल नको."

मला सोलापूरला परतावं लागलं, कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. काकू रोज जिन्यात गाठून विचारायच्या, "कळलं का रे काही?" सगळी हकीकत सांगितल्यापासून त्यांचा राग गेला होता. आता त्यांना माझ्याहून जास्त काळजी लागली होती. घरी फोन केला की अव्वा उचलायची. "न्हाय आजून," एवढंच. मागे मशीनचा आवाज यायचा. अक्का फोनवर येत नव्हती.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला नेमकं तेच विचारलं.

"व्हायरस पसरतो कसा?"

"परवानगी दिल्यानं, सर."

"परवानगी कोण देतं?"

"अव्वा," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पुस्तकातलं उत्तर द्या." ते दिलं, पण नीट देता आलं नाही.

परीक्षा संपवून मी रिक्षाच्या थांब्याकडे निघालो होतो, तेव्हा अक्काचा फोन आला. कामाच्या वेळी अक्का कधी फोन करत नाही. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. घ्यावा की नको, असं एक क्षण झालं.

"आडतवाले काका आत्ता अक्कलकोटला जाऊन आले," ती म्हणाली. आवाजावरून काहीच कळत नव्हतं.

"मग?"

"त्यांनी शनिवारीच व्हय म्हनलं व्हतं काकांना. सोमवारी आपल्याला सांगायचं ठरलं व्हतं. मदी तुमची पत्रिका आली."

"मग त्यांना वाटलं असेल दुसरीकडे..."

"न्हाय रं. त्यांना वाटलं, ती त्यांच्याच पोराची हाय. आपुन व्हय म्हनलो, लगेच मुलीकडच्यांनी छापली पन, आसं वाटलं त्यांना! त्याची आई म्हनं मोबाईल घेऊन घरभर फिरायली, तारीख बघाया. उघडीना. आता आपल्याच पोराच्या लग्नाची तारीख दुसऱ्याला कशी विचारायची, म्हनून गप्प बसली."

"आणि मग माझा मेसेज गेला."

"गेला की. मग त्यांना वाटलं, मुलीनंच न्हाय म्हनलं. म्हनून फोन केला न्हाय."

एक एसटी अगदी अंगावरून गेली. मला पुढचं ऐकू आलं नाही. "काय म्हणालीस?" मी दुसरा कान दाबून धरला.

"म्हनलं, त्यानं फोन केला व्हता. आत्ता. मला."

"कुणी?"

"कुणी काय? त्यानं. काकांकडनं नंबर घेतला म्हनं. लई घाबरत बोलायला. म्हनला, समदे आमच्या होकाराचंच बोलायलेत, तुमचा हाय का न्हाय ते कुणी विचारलंच न्हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

पलीकडे अक्का हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"म्हनलं, हाय की."